जवळची वाट आणि टिकणारी वाट

एका किनाऱ्यावर एकदा एक वृद्ध गुरुजी राहत. समोरच्या बेटावर मोबाईलचा मनोरा नव्हता, म्हणून त्यांनी कोळ्यांच्या होड्यांवर छोटी बिनतारी यंत्रे बसवली होती. एका होडीने निरोप दुसरीला द्यायचा, दुसरीने तिसरीला, असे करत तो बेटावर पोहोचे. निरोपाची वाट ठरवण्याचे काम त्यांच्या शिष्याकडे होते. शिष्य हुशार होता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

एका सकाळी बेटावर एक बाई अडली. मूल पायाळू होते, आणि तिला किनाऱ्यावर आणण्याइतका वेळ नव्हता. गुरुजींच्या खोलीत बसून गावच्या डॉक्टरीणबाईंनी पाहायचे, सांगायचे आणि तिकडे बेटावरच्या परिचारिकेने तसे करायचे, एवढाच मार्ग उरला. शिष्याने दोन मोठ्या ट्रॉलरमधून वाट जोडली. पडद्यावर चित्र लख्ख उमटले. तोच गुरुजींनी हात पुढे करून ती वाट तोडली.

"अहो गुरुजी, हे काय केलंत!" शिष्य ओरडलाच.

गुरुजींनी डोल जाळ्याच्या सात जुन्या होड्यांमधून वाट जोडली. चित्र धूसर झाले. आवाज मात्र त्यांनी आणखी एका वाटेनेही सोडला.

"ट्रॉलर मासळीमागे धावणार," ते म्हणाले. "डोल समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असते, तिची होडी भरती फिरेपर्यंत जागची हलत नाही. वाट किती जवळची ते तू पाहिलंस. टिकेल किती, ते कोण बघणार? चित्र अडखळलं तर डॉक्टरीणबाई निभावून नेतील. पण 'ओढू नको' म्हटलं आणि 'नको' वाटेतच राहिलं तर?"

घटकाभरात दोन्ही ट्रॉलर टप्प्याबाहेर गेले. पण कपाळाला हात लावून बसायची ही वेळ नव्हती. सातही होड्यांसाठी शिष्य एकेक बदली होडी शोधू लागला. मध्येच चौथीचे यंत्र बंद पडले. त्याने लगेच शेजारची होडी जोडली. डॉक्टरीणबाईंना त्याचा पत्ताही लागला नाही.

अखेर बाळाचा टाहो खोलीत घुमला. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. गुरुजींनी शिष्याच्या पाठीवर थाप दिली.

शिष्याने मान वर केली नाही. "थांबा गुरुजी, बाळाची वार अजून पडायची आहे. भरती फिरतेय, सहावी होडी हलतेय."

गुरुजींनी आपली खुर्ची हळूच मागे सरकवली.