येसाक्का आणि एकवीस तुरेवाले

एका राज्यात कोंबडा आरवल्याखेरीज सूर्य उगवत नसे. चुकून उगवलाच, तर ओशाळून डोंगराआड परत जाई. तिथे वज्रसेन नावाचा राजा राज्य करी. त्याला केतकी नावाची एकुलती एक कन्या. पोर गुणाची, पण जीभ म्हणाल तर लवंगी मिरची.

आई लहानपणीच गेली, म्हणून केतकी वाढली ती वाड्यामागच्या परसात, कोंबड्या राखणाऱ्या येसाक्काचा पदर धरून. नुकतं घातलेलं ऊन ऊन अंडं गालाला लावायची आणि विचारायची, "आक्का, यात कोण आहे गं?" येसाक्काला मूलबाळ नव्हतं. तिचा सगळा जीव या पोरीत होता.

एके दिवशी कालकंटक नावाचा मांत्रिक राजकन्येला मागणी घालायला आला. डोक्याला लालभडक फेटा, फेट्याला हातभर तुरा. केतकी फिसकन हसली. म्हणाली, "बाबा, या कोंबड्याला कुणीतरी दाणे टाका." झालं! मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली आणि राजकन्येच्या जागी एक पाखरू पंख झाडत उभं राहिलं. त्याने ते उचलून झोळीत टाकलं.

"राजा, तीन दिवस, तीन प्रश्न," तो म्हणाला. "तिन्ही उत्तरं बरोबर आली तर कन्या परत. एक जरी चुकलं तर ती जन्मभर खुराड्यात, आणि उत्तर देणारा तिच्या शेजारी."

दरबारातल्या पंडितांना एकाएकी घरची कामं आठवली. येसाक्का मात्र हात पदराला पुसत पुढे आली.

"येसाक्का, जिवाचं भय नाही?" राजाने विचारलं.

"आहे, महाराज. पण पोर माझीही आहे."

पहिल्या दिवशी मांत्रिकाने तिच्या हातावर एक अंडं ठेवलं. "यात नर की मादी?" दारामागून राजज्योतिषी कुजबुजला, "दोऱ्याला अंगठी बांधून वर धर, गोल फिरली तर मादी." दुसरा म्हणाला, "अंडं टोकदार आहे, नर सांग." येसाक्काने अंडं गालाला लावलं. ते ऊन होतं. तिला केतकीची आठवण झाली, डोळे भरून आले.

"अंड्यावरून कळत नाही," ती म्हणाली. "मला नाही, आणि तुम्हालाही नाही."

मांत्रिकाचं तोंड एवढंसं झालं. खरं उत्तर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दीड महिन्याची वीस पिल्लं अंगणात सोडली. येसाक्काने भराभर दोन डालगी भरली. तुरा आत्ताच लालसर आणि पाय जाडजूड, ते नर. तुरा पिवळट, बुटका आणि पाय बारीक, त्या तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या. उरली दोन, धड इकडची ना तिकडची.

"महाराज, मंदिल द्या जरा."

राजाने डोक्यावरून उतरवून दिला. तिने तो वर भिरकावला. पिल्लांना वाटलं घार आली. एक मान ताठ करून खेकसलं, दुसरं जमिनीला चिकटून बसलं. "उभा तो कोंबडा, बसली ती तलंग," येसाक्का म्हणाली. दोन्ही पाखरांनी मान डोलावून हो म्हटलं, कारण त्या राज्यात पाखरं खोटं बोलत नसत. राजाने मंदिल झटकून पुन्हा डोक्यावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी मांत्रिकाने एकवीस पक्षी आणले. सगळ्यांचे तुरे लाल, सगळ्यांचे पाय जाड, आणि सगळे एका सुरात आरवत होते. मंत्र असा, की आरवण्यापलीकडे कुणाला हो-नाही करता येईना. सूर्य बिचारा गोंधळून तीनदा वरखाली झाला. "यांत तुझी केतकी कोण? जिला उचलशील तेच उत्तर."

येसाक्काने मंदिल भिरकावला. एकवीसच्या एकवीस ताठ उभे! तिने आपल्या म्हाताऱ्या कबरी कोंबडीला विचारलं. कबरी म्हणाली, "मला बाई सगळी आपलीच लेकरं दिसतात."

तेवढ्यात एक गरीबसं पाखरू येऊन तिच्या तळहातावरचे दाणे टिपू लागलं, मनगटाला मान घासू लागलं. 'हीच माझी पोर,' येसाक्काला वाटलं. तिने हात पुढे केलाही. आणि थबकली. माया आंधळी असते, हे तिला या वयात कुणी शिकवायला नको होतं. तुऱ्याला राख फासता येते, गळ्याला सूर लावता येतो. पण मांत्रिक कधी कोंबड्यांच्या मागे बसला होता? तिने वाकून शेपटीच्या बुडाशी पाहिलं. पाठीवरली पिसं लांब, टोकदार. कोंबडा होता तो, अगदी अस्सल.

मग ती एकेकाच्या मागे फिरली. टोकदार. टोकदार. टोकदार. वीस झाले. एकविसावा सगळ्यांत दांडगा होता. त्याने राजाच्या जोड्यावर चोच मारली होती, आणि आता मांत्रिकाची पोटरी फोडत होता. त्याची पिसं मात्र आखूड होती, टोकाला गोल, अंगठ्याच्या नखासारखी.

येसाक्का खुदकन हसली. "घार आली तरी खाली बसायची नाही, अशी एकच आहे माझ्याकडे." आणि तिने तिला कवेत उचललं.

"आक्का, शेपूट सोड," केतकी म्हणाली. ती माणूस होऊन उभी होती, केसांत एक पीस तेवढं उरलं होतं. येसाक्काने तिला पोटाशी धरलं आणि आनंदाने भोकाड पसरलं. राजाही रडला, पण मंदिलाआड. सूर्य एकदाचा नीट वर आला.

आणि शाप उलटला तो धन्यावर. फेटा भुईवर पडला, आणि त्यातून एक दिवसाचं पिवळं पिल्लू चिवचिवत बाहेर आलं. पंडित अंगठ्या आणि दोरे घेऊन धावले. "कोंबडा की तलंग?"

येसाक्काने पिल्लू उचलून कबरीच्या पंखाखाली सरकवलं.

"दीड महिना थांबा," ती म्हणाली. "मग सांगते."

राज्य थांबलं, आणि तोवर रोज वेळेवर उजाडलं.