घरी राहिलेली मूठ

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही.

गावाला एक तळं होतं. कोणत्या आळीला किती पाणी सोडायचं ते पाटकरी ठरवायचा आणि हा पाटकरी गाव दरसाल निवडायचं, मुठीनं. चावडीसमोर दोन टोपल्या मांडायच्या. प्रत्येक घरानं मूठभर ज्वारी आणून आपल्याला हव्या त्या माणसाच्या टोपलीत टाकायची. जे घर येणार नाही, त्याच्या नावची मूठ जुन्या पाटकऱ्याच्या टोपलीत पडायची. जो आला नाही तो समाधानी आहे, असं वाडवडिलांनी धरलं होतं. भली माणसं होती बिचारी. थकलेला माणूसही घरीच बसतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

खालच्या आळीत हौसा नावाची रंगारीण राहत असे. सूत रंगवायचं तर पाणी हवं आणि खालच्या आळीला पाणी कमी कमीच होत चाललं होतं. त्या साली आळीतला एक साळी पाटकऱ्याविरुद्ध उभा राहिला आणि गावात दवंडी सुरू झाली.

सकाळी दवंडी, दुपारी दवंडी, दिवेलागणीला पुन्हा दवंडी. पाटकरी साळ्याला काय म्हणाला, साळ्याचा मेहुणा त्यावर काय म्हणाला, पाटकऱ्याच्या म्हशीनं कोणाकडे पाहून मान हलवली. दर वेळी हौसा हातातलं काम टाकून दाराशी धावे आणि आत चुलीवरचा रंग करपून जाई. अंथरुणावर पडलं तरी डफ कानात वाजतच राही. एवढं ऐकून कळलं काय, ते मात्र तिला सांगता येत नसे. शेवटी कान किटले, तेव्हा तिनं कापसाचे बोळे करून कानात कोंबले.

निवडीच्या सकाळी शेजारचा भिवा कुंभार मूठ घेऊन निघाला. त्यानं खुणेनंच तिला चल म्हटलं.

"भिवादादा, सगळे सारखेच," हौसा म्हणाली. "माझ्या एका मुठीनं तळं भरणार आहे का?"

भिवा एकटाच गेला. पाटकरी पुन्हा निवडून आला.

उन्हाळा लागताच खालच्या आळीचं पाणी बंद झालं. हौसाचे हंडे कोरडे पडले, लग्नसराईचं सूत पांढरंच राहिलं. ती तरातरा तळ्यावर गेली आणि आम्ही तुम्हाला कधी निवडलं, असं पाटकऱ्याला तोंडावर विचारलं.

"तूच तर निवडलंस," पाटकरी म्हणाला. "आलेल्यांनी मला पाडलंच होतं. न आलेल्यांनी तारलं."

बाजूलाच दवंडीवाला पाटकऱ्याकडून मिळालेलं ज्वारीचं पोतं पाठीवर घेत होता. हौसानं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो वरमला. "मला सांगितलंच तसं होतं, हौसाबाई," तो पुटपुटला. "लोकांचे कान किटेपर्यंत वाजव म्हणून."

हौसाला स्वतःचाच संताप आला. घरी येऊन तिनं बोळे चुलीत टाकले. पुढच्या साली दवंडी तितकीच वाजली, पण ती दाराशी धावली नाही. दिवेलागणीला एकदाच ओट्यावर बसून ती भिवाला विचारी, पाण्याचं कोण काय म्हणतो तेवढं सांगा, म्हशीचं राहू द्या. आणि निवडीच्या दिवशी तिच्यासारखेच कानात बोळे घालून बसलेल्या घरांची दारं ठोठावत ती चावडीवर गेली.

त्या सालीही पाटकरीच निवडून आला, पण जेमतेम. साळ्याच्या टोपलीकडे तो बराच वेळ पाहत राहिला. त्याच संध्याकाळी खालच्या आळीचा पाट वाहू लागला.

हौसानं हंडा भरून सूत बुडवलं. दूर कुठेतरी डफ वाजला, पण तिचे हात रंगातच राहिले.

म्हणून लहानथोरांनो, कान थकले म्हणून मूठ घरी ठेवू नका, कारण घरी राहिलेली मूठही कोणाच्या तरी टोपलीत पडतेच.