घर नसलेली पायरी

बावखलाकडून देवळाकडे जाताना डाव्या हाताला, केळींच्या मधोमध, एक दगडी पायरी लागते. नुसतीच पायरी. मागे घर नाही, जोतं नाही, भिंत नाही. चढून गेलात तर पलीकडे केळीच. शहरातून आलेले पाहुणे तिच्यावर बसून चपलेतले खडे झटकतात, फोटो काढतात. बसा, कुणी उठवणार नाही. पण शेजारून एखादी म्हातारी गेली, तिनं वाकून पायरीला हात लावला आणि कपाळावर क्रूस काढला, तर हसू नका. पायरी मध्ये खोलगट झालीय ना, ती पायांनी झालेली नाही. पाण्यानं झालीय. ते कसं, ते मला माझ्या आजेसासूनं सांगितलं आणि तिला तिच्या आईनं.

बावखल म्हणजे आमच्या वाडीचं गोड्या पाण्याचं तळं. खाडी इतकी जवळ, तरी ह्याचं पाणी कधी खारं झालेलं नाही. आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरीला ह्याच पाण्यानं आंघोळ घालतात. बायका वाजंत्री घेऊन जातात, घडे भरतात, गाणी म्हणत परत येतात. त्या पाण्याची एक रीत होती. घडा एकदा डोक्यावर चढला की मांडवाखेरीज कुठे उतरवायचा नाही, आणि वाटेत त्यातलं थेंबभरही कुणाला द्यायचं नाही. दिलं तर नवरीचं सुख त्या घरी गेलं, असं समजायचे. आज हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तेव्हा कुणालाच वाटायचं नाही.

एका उन्हाळ्यात म्हणे पटकीची साथ आली. पटकी म्हणजे तुमचा कॉलरा. ह्या पायरीमागे तेव्हा घर होतं. त्यात नातालीन नावाची विधवा आणि तिची लेक पावलीन, अशा दोघीच राहायच्या. पावलीनला पटकी लागली. वाडीतल्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं की घराभोवती बाभळीचे काटे ओढायचे, नातालीननं बावखलावर यायचं नाही, आणि एकेका घरानं पाळीपाळीनं रोज सकाळी पाण्याचा घडा काट्यांबाहेर ठेवायचा. पाद्रीबाबानं रविवारी मिस्सा झाल्यावर सगळ्यांना ते समजावून सांगितलं, आणि नातालीनसाठी एक प्रार्थनाही म्हणून घेतली. कुणाचं मन वाईट नव्हतं. हे लक्षात ठेवा, नाहीतर पुढचं चुकीचं ऐकाल.

त्याच दिवसांत रुजायचं लग्न ठरलेलं होतं. रुजाय आणि पावलीन एका वयाच्या. दोघींनी पहिला ख्रिस्तप्रसाद एकाच दिवशी घेतला होता, एकाच ताग्यातले झगे घालून. लग्न पुढे ढकलता आलं असतं, पण नवरा मुलगा इनास जहाजावर कामाला होता आणि जहाज थांबणार नव्हतं. आणि नेमकी लग्नाच्या दिवशी पाण्याची पाळी आली ती रुजायच्याच घरची.

सकाळी मांडवात वडे तळत होते. हळदीच्या अंगानं बसलेल्या रुजायनं मावशीला विचारलं, “मावशी, आज पावलीनचं पाणी आपल्याकडं ना?”

मावशीचं नाव बस्त्यान. घरातलं सगळं कार्य हिच्या जिभेवर चालायचं. ती म्हणाली, “नेलं असेल गं कुणीतरी. एवढी माणसं आहेत घरात. नवरीनं आज फक्त लाजायचं काम करावं, बाकीचं आम्हाला ठेव.”

बायका हसल्या. रुजायही हसली. पाणी कुणीच नेलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं नेलं असेल.

बायका घडे भरून परतल्या तेव्हा नातालीन काट्यांपाशी रिकामा तांब्या घेऊन उभी होती. वाजंत्री आपोआप थांबली, असं सांगतात.

“बस्त्यान,” ती म्हणाली, “एवढा तांब्या भर गं. पोर सकाळपासून पाणी पाणी करते.”

“अगं बये, हे लग्नाचं पाणी. डोक्यावर चढलंय माझ्या,” बस्त्यान म्हणाली. “हे मांडवात उतरवते आणि तुझा घडा घेऊन आलेच बघ. हे गेले न् हे आले.”

आणि नातालीन काय म्हणाली? आजेसासू इथे नेहमी थांबायची. नातालीन रागावली नाही, रडली नाही, शापही दिला नाही. तिनंही तरुणपणी लग्नाचे घडे आणले होते. तिलाही रीत ठाऊक होती. ती म्हणाली, “हो हो, जा तुम्ही. नवरी खोळंबली असेल.” आणि तांब्या पदराखाली घेऊन मागे सरली. वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

मांडवात घडे उतरले, गाणी चढली, कुणी कुणाला हळद फासली, आणि बस्त्यान त्या गर्दीत विसरली. रुजायला पाटावर बसवलं. पहिला तांब्या तिच्या खांद्यावर ओतला.

ती म्हणाली, “घाला ना पाणी.”

“घातलं की! नवऱ्याच्या नावानं भान हरपलं वाटतं,” कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसं झालं.

दुसरा तांब्या ओतला, मग तिसरा. केसांतून पाणी गळत होतं, पाटाखाली चिखल झाला होता, आणि रुजाय आपल्या ओल्या हाताकडं दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखी बघत होती. तिला पाणी लागत नव्हतं. ना गार, ना ऊन, ना ओलं. मग तिनं मान वर केली आणि विचारलं, “येताना नातालीनमावशी दिसली का?”

बस्त्यान घडा घेऊन धावली. नातालीन पायरीवर बसली होती. तिनं मान हलवली. “आता राहू दे,” म्हणाली.

लग्न लागलं. घंटा वाजली, वऱ्हाड जेवलं. पावलीनला साथीची म्हणून देवळात आणू दिली नाही, बाहेरच्या बाहेर दफनभूमीत नेली. नंतर काटे काढले. पुढच्या शनिवारी झाडून सगळे पापनिवेदनाला गेले, सगळ्यांनी एकच पाप सांगितलं, आणि पाद्रीबाबानं सगळ्यांना सारखंच प्रायश्चित्त दिलं, जपमाळेचं. सगळ्यांनी जपमाळ म्हटली. पण नातालीनच्या दारात कुणी गेलं नाही. काय तोंडानं जाणार? भांडण झालं असतं तर बरं, भांडण मिटवता येतं. इथे मिटवायला काहीच नव्हतं.

नातालीन मिस्सेला यायची, दारापाशी उभी राहायची, दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवायची नाही. बावखलावर तिनं परत पाऊल ठेवलं नाही. खाडीकाठी एक मचूळ विहीर होती, तिचं पाणी प्यायची. वाटेत दिसली की लोक रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला होत. तीही त्यांना काही म्हणायची नाही.

रुजाय शेजारच्याच आळीत दिलेली. संसार झाला तिचा, चांगला झाला. पण पाणी लागलं नाही ते नाहीच. भाताच्या कढत पेजेत हात जायचा आणि तसाच राहायचा, सासू ओरडून बाहेर काढायची. इनासनं बोटीतून आणलेली औषधं दिली. वांद्र्याच्या मोत मावलीला, म्हणजे माउंट मेरीला, मेणाचे हात वाहिले. लेकीच्या बाप्तिस्म्याला पाद्रीबाबानं तान्हीच्या डोक्यावर पाणी ओतलं, ते खाली धरलेल्या रुजायच्या तळव्यात साठलं. पोर गार पाण्यानं किंचाळली. रुजाय आपल्या तळव्याकडं बघत राहिली. तिला दुःखही होत नव्हतं म्हणे. लोक विचारायचे, “कसं वाटतं गं?” ती म्हणायची, “काही नाही वाटत.”

ती लेक, कातारीन, लग्नाची झाली. पुन्हा मांडव पडला, पुन्हा बायका बावखलावर गेल्या. ह्या खेपेला रुजाय स्वतः गेली आणि पहिला घडा तिनं आपल्या डोक्यावर घेतला. परत येताना नातालीनच्या घरापाशी ती वळली.

म्हातारी झालेली बस्त्यान मागून ओरडली, “रुजाय! डोक्यावर चढलाय घडा. लेकीचं सुख सांडतेस?”

“माझं नाही सांडलंत ना तुम्ही, मावशी,” रुजाय म्हणाली. “मांडवापर्यंत जपून आणलंत. बघा माझ्याकडं.”

आणि तिनं घडा ह्या पायरीवर उतरवला. हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. अनवाणी पायरीखाली उभी राहिली. मागे बायका डोक्यावर घडे घेऊन उभ्या. कुणाला उतरवायची हिंमत होईना, कुणाला पुढे जायची. माना अवघडल्या, काठांवरून पाणी निथळून चोळ्या भिजल्या. वाजंत्रीवाले वाद्यं काखेत धरून खाली बघत होते. नवरी मांडवात खोळंबली होती. खोळंबू दे, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

किती वेळानं कुणास ठाऊक, नातालीन बाहेर आली. पार वाकली होती. तिनं घड्याकडं पाहिलं, रुजायकडं पाहिलं. क्षमा केली, असं ती म्हणाली नाही. रुजायनंही मागितली नाही. नातालीननं घडा धरला आणि सावकाश, एका धारेनं, सगळं पाणी पायरीवर ओतून दिलं. पाणी दगडावरून उतरलं आणि रुजायच्या पावलांवर आलं.

काही जण सांगतात, रुजाय ओक्साबोक्शी रडली. काही सांगतात, आभाळातून उजेड आला. आजेसासू म्हणायची, तसलं काही नाही. रुजायनं पायांकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, “गार आहे.”

नातालीननं रिकामा घडा तिच्या हातात दिला. “जा, भरून ने आता,” म्हणाली. “नवरी खोळंबली असेल.”

नातालीन गेल्यावर घर पडलं. चिरे लोकांनी वापरले, वासे कुजले. पायरीला मात्र कुणी हात लावला नाही. आजही आमच्या वाडीत लग्न असलं की पाण्याचा पहिला घडा मांडवात जात नाही, इथे येतो. बँजोवाले आले तरी ह्या वळणावर वाजवणं बंद होतं. नवरीची आई चपला काढून पायरीखाली उभी राहते आणि वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई घडा ओतते. हल्ली ती बाई मी असते. पाणी पायांवर आलं की आईनं सांगायचं असतं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती सांगेपर्यंत कुणी हलत नाही, आणि नवरी खोळंबलेली असते.

“गार आहे,” आई म्हणते. मग आम्ही घडा पुन्हा भरायला जातो.