नोराच्या पबातले तीन ठोके

उत्तर लंडनच्या या भागात हिरव्या पाट्यांचे आयरिश पब पुष्कळ दिसतील. पाटीवर जाऊ नका. नवीन होतो तेव्हा चांगला पब शोधत मीही खूप भटकलो. शेवटी टपालखात्यातला माझा सोबती शेमस मला या दाराशी घेऊन आला. “इथे गाण्याचं पहिलं कडवं संपलं की गप्प राहायचं,” एवढंच म्हणाला. तुम्हालाही तेच सांगतो. त्या क्षणी इथे सगळे श्वास रोखून थांबतात. बीअर ओतणारासुद्धा नळ बंद करतो. असं का, ते शेमसनेच मला मागाहून सांगितलं.

शंभरएक वर्षांपूर्वी हा पब नोरा गेरिटी नावाची बाई चालवायची, असं सांगतात. तिचा नवरा डोनल या रस्त्याखाली सांडपाण्याचं भुयार खणणाऱ्या टोळीत होता. दोघंही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावची. एका मार्चमध्ये पावसाने आठवडाभर उसंत दिली नाही, आणि एका सकाळी भुयाराचं छत कोसळलं. डोनलसकट सात माणसं आत अडकली. दोन दिवस टोळीतली बाकीची माणसं भुयाराच्या तोंडाकडून खणत राहिली, पण ओली माती पुन्हा पुन्हा ढासळायची. तिसऱ्या दिवशी मुकादम टोपी काढून नोरासमोर उभा राहिला.

“आत आता कोणी जिवंत नसणार, बाई. आणखी माणसं मी घालवू शकत नाही. संध्याकाळी तोंड बुजवतोय.”

त्या दुपारी सगळी वस्ती पबात जमली. सातही घरची माणसं होती, पाद्री होते, मुकादमही दाराशी उभा होता. मेलेल्यांसाठी गाणं म्हणायची त्यांच्यात रीत. गळा नोराचाच सगळ्यांत चांगला, म्हणून पाद्री म्हणाले, “नोरा, तू सुरुवात कर.”

“मेलेल्यांचं गाणं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “डोनलला मेलेला मी पाहिलेला नाही.”

आणि तिने गावाकडचं होडी वल्हवायचं गाणं धरलं. त्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीन ठोक्यांची जागा असते. ऐकणाऱ्यांनी तिथे तीनदा पाय आपटायचे. कडवं संपलं, पण पाय एकाचाही उठला नाही. कोणात तेवढं बळच नव्हतं. पब नि:शब्द झाला.

त्या शांततेत जमिनीखालून तीन ठोके आले.

म्हणे, आधी कोणाचा कानांवर विश्वासच बसेना. नोराने तेच कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा तीन. मुकादम धावत तळघरात गेला, फरशीला कान लावून आडवा झाला आणि उठला तो ओरडतच, “कुदळी आणा!”

दारूची पिंपं रस्त्यावर आली. तळघराची भिंत फोडून माणसं तिरकी खणत निघाली. बायकांनी रांग लावून चिखलाच्या बादल्या वर काढल्या, पाद्र्यांचा झगा कमरेपर्यंत माखला. दुसऱ्या दिवशी दुपारी मातीतून एक हात बाहेर आला. मग दुसरा. एकाचा पाय मोडला होता, दोघं तापाने फणफणले होते, पण सातही जण जिवंत होते! पाणी चढलं तसे ते एका उंच कोनाड्यात चढून बसले होते. फावडं आपटून हाका घालत होते, पण वरच्या गाड्यांच्या आणि पबाच्या गोंगाटात ते कोणाला ऐकूच गेलं नव्हतं.

डोनल सगळ्यांत शेवटी वर आला. उजेड सोसेना म्हणून डोळ्यांवर हात धरून नोराला म्हणाला, “एकच कडवं किती वेळा म्हणशील? पुढचं विसरलीस की काय?”

नोरा रडता रडता हसली आणि तिने पुढचं कडवं उचललं. वस्तीने असे पाय आपटले म्हणे, की फळीवरचे पेले खाली येऊन फुटले. कोणी खाली पाहिलंसुद्धा नाही.

आजही इथे पहिल्या कडव्यानंतर सगळे जमिनीकडे कान देतात. खाली कोणी असेल तर त्याचं आधी ऐकायचं. दुसऱ्या कडव्याला मात्र म्हाताऱ्यांपासून नवख्यांपर्यंत झाडून सगळे पाय आपटतात. माझे गुडघे कुरकुरतात, तरी मी मागे राहत नाही.

चला आत. आणि दुसऱ्या कडव्याला लाजू नका, फळ्या हलल्या पाहिजेत.