मीठवाल्याची शिंपली

फार पूर्वी, समुद्रकाठचं मीठ तट्टांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं, त्या काळातली ही गोष्ट. एका बंदरात एक मीठवाला राहत होता. त्याच्याकडे ओझ्याची अकरा तट्टं होती. त्यातली सर्वांत बुटकी घोडी म्हणजे शिंपली. रंग मळकट पांढरा, कान लोंबते, चाल संथ.

घाटमाथ्यावर एक मोठं कुरण होतं. दरवर्षी जत्रेत पायथ्यापासून खिंडीपर्यंत घोड्यांची शर्यत लागे, आणि जिंकणाऱ्याला वर्षभर त्या कुरणात चराईचा हक्क मिळे. त्या साली खाली गवताची काडी उरली नव्हती. कुरण मिळालं नाही तर निम्मी जनावरं विकावी लागणार, हे मीठवाल्याला स्पष्ट दिसत होतं. बाकीची तट्टं पार खंगली होती. थोडक्यावर भागवणारी शिंपली तेवढी तग धरून होती. त्याने तिच्यावरच खोगीर चढवलं.

बायको म्हणाली, "अहो, शर्यतीला निघालात की वरातीला?"

"हसू नकोस. घाटाचा दगडन् दगड हिला ठाऊक आहे."

पायथ्याशी किल्लेदाराचा जावई उंच काळ्या घोड्यावर ऐटीत बसला होता. तो ओरडला, "मीठवाले, शेळीला कशाला शिणवता? आमची धूळ खाऊन पोट भरणार का तिचं?"

लोक खो खो हसले.

शर्यत सुटली. सपाटीवर शिंपली सगळ्यांच्या मागे होती. मग चढ लागला. उमदे घोडे धापा टाकू लागले, आणि ती मान खाली घालून एकाच लयीत चढत राहिली. एकेक घोडा मागे पडला. शेवटच्या वळणाशी पुढे उरला फक्त काळा. मीठवाल्याचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

तेवढ्यात काळ्याचा पाय निसटला. तो कुशीवर आदळला, जावयाचा पाय त्याच्याखाली अडकला, आणि दोघेही दरीकडे घसरू लागले.

वाट मोकळी झाली. खिंड शंभर पावलांवर होती. "चल शिंपले, चल!" मीठवाल्याने टाच मारली.

शिंपली गेली ती सरळ दरीच्या कडेला. काळ्याच्या खालच्या अंगाला जाऊन तिने त्याच्या पाठीला आपली कूस टेकवली आणि चारही पाय रोवले. घसरण थांबली.

मीठवाल्याने चाबूक उगारला, पण हात वरच राहिला. तांड्यातलं जनावर पडलं, की मागच्याने दरीच्या बाजूला उभं राहून त्याला आधार द्यायचा, हे लहानपणी तिला त्यानेच शिकवलं होतं. शर्यत माणसांची होती. तिच्या लेखी हा तांडाच होता.

तिचे पाय थरथरत होते, खुरांखालची माती सुटत होती. ती हलली नाही. मीठवाल्याने चाबूक फेकला, खाली उडी मारली, पागोटं सोडून जावयाच्या काखेतून घातलं आणि त्याला ओढून काढलं. मागून आलेले घोडे शेजारून भरधाव निघून गेले.

"तुमचं कुरण गेलं की हो," जावई रडवेल्या आवाजात म्हणाला.

"गेलं खरं. आधी पाय हलतोय का ते बघा."

काळा कसाबसा उठला. तो लंगडत पुढे आणि शिंपली त्याच्या मागोमाग, अशी दोघं सर्वांत शेवटी खिंडीत पोहोचली. जावयाने सगळी हकीकत सांगितली. खिंडीत निकालासाठी बसलेला किल्लेदार भरल्या जत्रेत उठला, पुढे आला, आणि धुळीने माखलेल्या त्या बुटक्या घोडीपुढे वाकून त्याने मुजरा केला.

कुरण नियमाप्रमाणे पहिल्या आलेल्याचं झालं. मीठवाल्याने पाच तट्टं विकली, शिंपली ठेवली. पुढे ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा घाटातले सगळे तांडे दिवसभर जागच्या जागी थांबले. त्या वळणाला लोक अजून शिंपलीचं वळण म्हणतात. त्या साली शर्यत कोणी जिंकली असं विचारलं, तर मात्र जुनीजाणती माणसंही डोकं खाजवतात.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: धावायला पाय पुरतात, जिंकणं शंभर पावलांवर असताना पडलेल्यासाठी थांबायला काळीज लागतं.