साळूची झाडलोट

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक झरा होता, आणि त्याची देखभाल करणारी एक साळू, म्हणजे साळिंदर, तिथेच जवळ राहत असे. मुलांनो, ही साळू स्वच्छतेची भारी भोक्ती. सकाळी कोणी पाण्यावर येण्याआधी ती आपल्या काट्यांनी झऱ्याची जागा लख्ख झाडून काढी. तिची झाडलोट झाल्याशिवाय पाण्याला तोंड लावायचे नाही, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. वेळीअवेळी ती सगळ्यांना चार शब्द सुनावी, पण झरा ऐन वैशाखातही वाहता राही, म्हणून तिचे बोलणे सगळे ऐकून घेत.

एका वैशाखात मात्र एके सकाळी ती येऊन पाहते तो झऱ्याची धार करंगळीएवढी उरलेली. सूर्य वर आला तशी धार थेंबांवर आली. नदी दोन टेकड्यांपलीकडे होती. धडधाकट जनावरांना तिथवर जाता आले असते, पण हरिणीला चारच दिवसांपूर्वी पाडस झाले होते. त्याला सोडून तिला जाववेना, आणि त्याला तर धड उभेही राहता येत नव्हते. आईला पाणी मिळाले नाही तर तिचे दूध आटणार, हे साळूला कळत होते.

नदीकाठी एक म्हातारे पाणमांजर राहत असे. पाण्याच्या वाटा त्याच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. त्यालाच बोलावून आणायचे असे साळूने ठरवले. पण एवढ्या जाणत्यासमोर हा पसारा कसा दाखवायचा, अशी तिला लाज वाटली. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी साचलेला गाळ, माती, आजूबाजूच्या पावलांचे ठसे, सगळे तिने आधी झाडून साफ केले आणि मगच ती धावत सुटली.

"बाबा, लवकर चला, झरा बंद पडलाय," एवढेच तिने धापा टाकत सांगितले. पाणमांजराने तिला सावलीत बसवले आणि एकेक विचारायला सुरुवात केली. धार एकाएकी तुटली की हळूहळू बारीक झाली? कधीपासून? गाळ आला असेल तर तो कोणत्या रंगाचा होता? चार दिवसांत त्या बाजूला नवीन काय घडले? प्रत्येक प्रश्नाला साळूचे उत्तर एकच, झरा बंद पडलाय. गाळाबद्दल तर तिने मोठ्या अभिमानाने सांगितले की तो कधीच झाडून टाकला.

पाणमांजर म्हणाले, "पोरी, झरा बंद पडलाय हे तुझ्या तोंडावरूनच दिसतंय. मला जे बघायचं होतं तेच तू झाडून टाकलंस. माझे पाय थकलेत, तिथवर एकदाच येणं होईल. आणि भलत्याच जागी उकरलं तर पाणी कायमचं दुसरी वाट धरेल. जा, विचारपूस करून ये. तोवर कुठे नख लावू नकोस."

साळू वाटभर धुसफुसत आली. आजवर तिने सगळ्यांना सांगितले होते, विचारले कोणालाच नव्हते. पण वेळच तशी होती. झऱ्याच्या दगडाखाली राहणारा बेडूक म्हणाला की आवाज परवा दुपारपासून हळूहळू बारीक होत गेला, आणि कातळाच्या आत पाणी अजून वाजते आहे. हे ऐकून साळूला एवढा धीर आला की त्या बेडकाला आपण रोज दगडाखालून हुसकत होतो याची तिला लाज वाटली. हरिणीला आठवले की शेवटच्या पाण्यात तांबडी माती होती, दातांत कचकचत होती. झऱ्याकाठची माती तर काळी. तेव्हा टिटवी हळूच म्हणाली, "तांबडी माती वरच्या जांभळीपाशीच आहे. तिथे परवापासून कोणीतरी नवं बीळ उकरतंय."

ते बीळ कोणाचे, हे टिटवीला ठाऊक होते, पण ती पुढे बोलली नाही. बीळ साळूचेच होते. उन्हाळ्यासाठी गारव्याची जागा म्हणून ती ते उकरत होती, आणि निघालेली माती तिने खाली लोटून दिली होती. बाकीचे सगळे सांगावे आणि एवढे वगळावे, असे एकदा तिच्या मनात येऊन गेले. कोणाला कळणार होते? तेवढ्यात तिला पाडस दिसले. ते आईच्या आचळांना ढुशा देत होते आणि त्याच्या तोंडात काहीच येत नव्हते.

ती पुन्हा दोन टेकड्या ओलांडून गेली. तिने सगळे क्रमाने सांगितले आणि शेवटी काटे मिटून, खाली मान घालून म्हणाली, "माती मी लोटली, बाबा."

पाणमांजराने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, "मग मला यायची गरजच नाही. जांभळीच्या मुळांशी कातळाला एक भेग आहे, तोच झऱ्याचा गळा. तुझी माती तिथे बसलीय. वरून थोडी थोडी काढ. खालून मात्र उकरू नकोस, दरड कोसळेल."

साळू नेमकी खालूनच उकरणार होती. तिने, टिटवीने आणि बेडकाने मिळून भेगेतली माती वरून काढली. ऊन कलायच्या सुमारास खाली आधी तांबडे, मग गढूळ, मग नितळ पाणी खळखळू लागले. त्या दिवशी झाडलोट झाली नव्हती, तरी साळूने सर्वांत आधी हरिणीला पुढे केले. ती पोटभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी साळू काट्यांना करवंदे टोचून पाणमांजराकडे गेली. तुमच्यामुळे पाडस वाचले, असे म्हणत तिने करवंदे त्याच्यापुढे केली. पाणमांजराने एकच करवंद घेतले. "मी फक्त प्रश्न विचारले," ते म्हणाले. "उत्तरं तुझ्या शेजाऱ्यांनी दिली, आणि सगळ्यांत अवघड उत्तर तू दिलंस. उरलेली तिकडे वाट." साळूने खरोखरच ती वाटली. बेडूक करवंदे खात नाही, तरी त्याने आपले करवंद बरेच दिवस दगडाखाली जपून ठेवले.

त्यानंतरही साळू रोज झाडलोट करी. पण आधी ती दगडापाशी वाकून बेडकाला विचारी, "पाणी काय म्हणतंय?" आणि त्याचे बोलणे पुरते ऐकून घेतल्यावरच झाडायला लागे.

तात्पर्य : जाणत्याकडे मदत मागायला जाताना नुसता घोर नेऊ नये, घडलेली सगळी हकिगत न्यावी, आणि त्यात आपल्या हातून जे घडले तेही वगळू नये.