रापीचं बाशिंग

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. आमच्या पिंपळथडीत वरच्या आळीला विचाराल तर ती एक सांगेल, खालच्या आळीला विचाराल तर दुसरंच सांगेल. आमच्या गावात कुठलीही गोष्ट एकटी जन्माला येत नाही, तिला जुळी बहीण असतेच. म्हणून मी दोन्ही सांगतो. जिथं मला कळत नाही, तिथं कळत नाही असं सांगतो. पुढचं तुम्ही आपापलं ठरवा.

तर तेव्हा नदीच्या अंगाला जिनगराचं एक घर होतं. जिनगराचा धंदा खोगिरं शिवायचा. पण खेड्यात घोडी किती असणार? पाटलाची एक, आणि तीही म्हातारी. म्हणून ते घर पोट भरायचं लग्नांवर. नवरा-नवरीच्या कपाळाला बांधायची बाशिंगं तिथं होत. भेंडाची, म्हणजे पाणझाडाच्या पांढऱ्या हलक्या गाभ्याची, फुलं कातरायची, त्यावर रंगीत बेगड चढवायची, चिंचोक्याची खळ शिजवून सगळं कागदावर चिकटवायचं आणि खाली मोत्यांच्या झिरमिळ्या सोडायच्या. आसपासच्या गावांना बाशिंगं इथूनच जात.

त्या घरात येसू सून म्हणून आली. आता तिचं लग्न कसं लागलं ते ऐका, कारण सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. मुलगा कोंडाजी कुठल्याशा सरदाराच्या पागेबरोबर खोगिरं दुरुस्त करायला मुलूखगिरीवर गेला होता. तो मुहूर्ताला येणार होता, पण आला नाही. सासरा अंथरुणाला खिळलेला, पुढं चातुर्मास लागणार, आणि नवरी हळद लावून बसलेली. सरदार-दरकदारांच्या घरी असं झालं तर नवऱ्याच्या खांड्याशी, म्हणजे तलवारीशी, लग्न लावत. जिनगराच्या घरी खांडा कुठला? जोशीबुवांनी डोकं खाजवलं आणि सांगितलं, कोंडाजीची रापी आणा. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. तीच पाटावर उभी केली. सासऱ्यानं पडल्यापडल्या बोटभर बाशिंग करून दिलं, ते रापीच्या मुठीला बांधलं, आणि साऱ्या गावानं अक्षता टाकल्या.

जोशीबुवांनी एक अट घातली होती. नवरा परत आला की हे बाशिंग रापीवरून सोडायचं आणि त्याच्या कपाळाला लावायचं. आणि देव न करो, काही वाईट बातमी आली, तर ते सोडून नदीत द्यायचं. तोवर गाठीला हात लावायचा नाही.

दिवस गेले, वर्षं गेली. सासरा वारला, घरात येसू आणि सासू दोघीच उरल्या. कोंडाजी आला नाही आणि बातमीही आली नाही. येसूनं सासऱ्याची पाटी पुढं ओढली आणि बाशिंगं करायला लागली. हत्यार घरात एकच, तीच रापी. मुठीवर बोटभर बाशिंग तसंच, आणि पात्यानं येसू भेंड कापतेय, बेगड कापतेय. सकाळी धार लावायची, संध्याकाळी तेलाचं बोट फिरवून खुंटीला अडकवायची. नवऱ्याचं करावं तसं तिनं रापीचं केलं.

तिच्या हाताला काय गुण होता, देव जाणे. असं म्हणतात की तिच्या भेंडाच्या फुलांवर मधमाश्या बसायच्या. एकदा एका नवरदेवाच्या कपाळावर सगळं मोहोळच उतरलं आणि तो मांडव सोडून उसात पळाला. खालची आळी म्हणते, उसात नाही, विहिरीत. पण लग्न लागलं आणि सुखाचं झालं, यावर दोन्ही आळ्यांचं एकमत आहे. आमच्या गावात हाच एक चमत्कार म्हणायचा.

पण येसूच्या मनात काय चालायचं? ती प्रत्येक बाशिंग करताना एक कपाळ डोळ्यांपुढं आणायची. कोंडाजीला तिनं कधी पाहिलं नव्हतं. कधी ते कपाळ रुंद व्हायचं, कधी अरुंद, कधी त्यावर घामाचे थेंब असायचे. लोकांच्या पोरांना बाशिंग बांधताना तिला वाटायचं, असाच असेल का? बाईमाणूस, रडणार कुणाजवळ? सासूजवळ रडावं तर ती त्याची आई.

आणखी एक गोष्ट होती. बाशिंग सवाष्णीच्या हातचंच हवं, असा तेव्हाचा रिवाज. विधवेची सावलीसुद्धा त्यावर पडलेली चालायची नाही. म्हणजे कोंडाजीची बातमी येत नव्हती, तोवर येसूचं कुंकू होतं, धंदा होता, दोघींच्या ताटात भाकरी होती. ती रस्त्याकडं डोळे लावून बसायची आणि रस्त्यावर धूळ उठली की घाबरायचीही. वाट बघणं आणि धास्ती, दोन्ही एकाच चुलीवर शिजत होतं.

असं एक तप उलटलं. मग पाटलाच्या हौसाचं लग्न निघालं. नवरदेवाचं बाशिंग तयार झालं होतं, हौसाचं अर्धं झालं होतं, वऱ्हाड दुसऱ्या दिवशी यायचं होतं. आणि त्या सकाळी गावात एक मोतद्दार आला. पागेत घोडी सांभाळणारा माणूस. त्यानं पारावर बसून पाणी मागितलं आणि सांगितलं, ‘‘तुमचा कोंडाजी जिनगर तापानं मेला. म्या सवता लाकडं रचली.’’

झालं. बायका येसूच्या दारात जमल्या. एकीनं गळा काढला, दुसरीनं बांगड्या फोडायला दगड शोधला. येसू जात्याजवळ बसून राहिली, तिला रडूही येईना. जिचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी कसं रडायचं, हेच तिला कळेना. पाटलीणबाई अर्ध्या बाशिंगाकडं पाहून कपाळ बडवत होती. आता उद्या पोरीच्या डोक्याला बांधायचं काय?

आणि उन्हं चढतात न चढतात, तोच नदी उतरून एक माणूस आला. अंगात विटका अंगरखा, पायांत फोड. त्यानं येसूच्या दारात उभं राहून हाक मारली, ‘‘आये, म्या कोंडा. आलो.’’

आता सांगा! दगड घेतलेल्या बाईच्या हातात दगड तसाच राहिला. दुसऱ्या बायका ओटीचं सामान आणायला पळाल्या. मोतद्दाराला बोलावून आणलं. त्यानं त्या माणसाला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘त्यो न्हाई. पर आवाज त्याचा हाय.’’ सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘माझा कोंडाच.’’ भाकरी खाऊन झाल्यावर पुन्हा हात फिरवला आणि म्हणाली, ‘‘ह्यो कोण गं?’’ गावच्या न्हाव्याला आठवलं, लहानपणी आपल्या वस्तऱ्यानं एका पोराच्या डोक्याला खोक पडली होती. त्या माणसाच्या डोक्याला खोक होती. पण ते पोर कोंडाजी होतं का पाटलाचा धाकटा, हे न्हाव्याला आठवेना. पाटलाच्या धाकट्याचं पागोटं काढून पाहिलं, तर त्यालाही खोक!

वरची आळी म्हणाली, हाच कोंडाजी. खालची म्हणाली, तोतया. पारावर सगळा गाव जमला. कुणीतरी म्हणालं, रापी द्या त्याच्या हातात, जिनगर असला तर चामडं कापून दाखवेल. त्यानं कापलं, ते तिरकं गेलं. वरची आळी म्हणाली, बारा वर्षांत हाताची सवय सुटली. खालची म्हणाली, हाताची सवय कधी सुटत नसते. तो माणूस कपाळाचा घाम पुसत रापीच्या मुठीकडं बघत राहिला. तिथं ते बोटभर बाशिंग होतं.

शेवटी पाटील वैतागले. ते म्हणाले, ‘‘येसूबाई, आता तूच काय ती गाठ सोड. ह्यो तुझा असंल तर बाशिंग सोडून ह्याला लाव. नसंल तर सोड आन् नदीत दे. पर आज दिस मावळायच्या आत सोड. माझ्या पोरीचं लगीन हाय उद्या.’’

येसूनं रापी हातात घेतली. त्या माणसानं हळूच म्हटलं, ‘‘सोड गं, येसू.’’ तिनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं मनात आणलेल्या सगळ्या कपाळांत हे कपाळ होतंही आणि नव्हतंही. हाच असावा, असं तिला फार वाटलं. पण नुसतं वाटण्यावर त्याला नवरा म्हटलं, आणि तो दुसराच कुणी निघाला तर? आणि नाही म्हणून हाकलला, आणि तोच निघाला तर? तिचं बोट गाठीपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. खूप वेळ थांबलं, असं म्हणतात.

मग ती जोशीबुवांकडं वळली. बुवा आता थकले होते, दोघांनी धरून त्यांना पारावर आणलं होतं.

‘‘बुवा, माझं लगीन कुणाशी लागलं?’’

‘‘कोंडाजीशी,’’ बुवा म्हणाले. ‘‘म्हणजे... रापीला त्याच्या जागी धरलं होतं.’’

‘‘मग त्या जागेवरनं तिला उठवलं कुणी?’’

बुवा बोटांवर काहीतरी मोजायला लागले.

‘‘कुणीच न्हाई,’’ येसू म्हणाली. ‘‘साऱ्या गावानं अक्षता टाकल्या, त्या ह्या रापीवर. बारा वर्सं हिनं मला आन् आत्याबाईला खाऊ घातलं. मोतद्दार म्हणतो मेला, हे म्हणतात आलो. मला काय बी कळंना. तुमाला तरी कळतंय का? मला इतकंच ठावं, माझा नवरा हितं माझ्या हातात हाय आन् त्याला गंज चढल्याला न्हाई. म्या गाठ सोडनार न्हाई. ह्यांच्यासाठी न्हाई आन् नदीसाठी बी न्हाई. ज्याला माझ्या हातचं बाशिंग चालत नसंल, त्यानं लगीन तसंच लावावं.’’

एवढं बोलून ती घरी गेली आणि हौसाचं राहिलेलं बाशिंग पुढं घेऊन बसली. असं म्हणतात की ती तेव्हा रडली, पहिल्यांदा आणि भरपूर. अश्रू खळीत पडले आणि त्या दिवशी चिकटवलेली फुलं आजवर सुटलेली नाहीत. हौसाच्या वंशजांकडं ते बाशिंग आहे म्हणे. मी मागितलं, तर दोन घरांनी दोन वेगळी दाखवली.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईनं स्वतः येऊन बाशिंग नेलं. हौसाचं लग्न लागलं. तिला पुढं पोरं झाली, त्या पोरांची बाशिंगंही येसूनंच केली.

आणि तो माणूस? तो गेला नाही. ओसरीवर राहिला. येसूनं त्याला घरात घेतलं नाही आणि उपाशीही ठेवलं नाही. तो चिंचोके भाजायचा, खळ ढवळायचा, बाशिंगांची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव पोचवायचा. सासू मरताना तिनं ‘कोंडा, कोंडा’ म्हणून एका हातानं त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं रापी. एकदा येसूनं त्याला विचारलं, ‘‘खरं सांगा, तुमी कोण?’’ तो खळ ढवळत राहिला आणि म्हणाला, ‘‘आलो तवा मला पक्कं ठावं हुतं. आता न्हाई सांगता येत.’’ वरची आळी म्हणते हे ऐकून येसू हसली. खालची आळी म्हणते तिनं त्याच्या भाकरीवर लोणी जास्त घातलं. मला वाटतं दोन्ही झालं असेल.

मग पुष्कळ वर्षांनी तो माणूस वारला. येसू त्याच्या उशाशी बसून रडली, घरच्या माणसासाठी रडतात तशी. तिसऱ्या दिवशी एका घरी हळद होती. घरचे लोक येसूच्या दारात आले, उंबऱ्याबाहेर अडखळले. मग घरातली म्हातारी म्हणाली, ‘‘येसूबाई, बाशिंग झालंय का?’’ दुसरं काही कुणी विचारलं नाही. ती गाठ सुटली होती का बांधलेली, येसू सवाष्ण होती का विधवा, हे त्या दिवशी गावाला विचारावंसंच वाटलं नाही.

येसू गेली तेव्हा तिच्याबरोबर रापी चितेवर ठेवली. सकाळी राख भरायला गेले, तर रापी राखेत तशीच, मूठसुद्धा जळलेली नाही. मुठीवरचं बोटभर बाशिंग तसंच, आणि त्यावरची भेंडाची फुलं, इतक्या वर्षांची वाळकी, नुकत्या उमललेल्या मोगऱ्यासारखी टवटवीत. असं म्हणतात. एक मधमाशीही होती, असं खालची आळी म्हणते. गाठ मात्र होती तशीच होती, यात कुणाचं दुमत नाही. ती रापी आमच्या मरीआईच्या देवळात आहे. तिथं अंधार असतो, पुजारी जवळ जाऊ देत नाही, तेव्हा मी खात्रीनं काही सांगू शकत नाही.

पण हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहतो. आजही पिंपळथडीत लग्न असलं, की नवरा-नवरीच्या आधी एक बोटभर बाशिंग बांधलं जातं. ते बांधतात त्या घराला पोसणाऱ्या हत्याराला. शेतकऱ्याचं खुरपं, सुताराची करवत, शिवणकाम करणारीची कात्री. गेल्या खेपेला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोरानं आपल्या पिटुकल्या पेचकसाला बांधून घेतलं, आणि दोन्ही आळ्या त्यावरून भांडल्या. ते बाशिंग पुन्हा कुणी सोडत नाही. दोरा आपोआप झिजून गळेल तेव्हा गळेल.

आणि ते बांधायचा मान घरातल्या विधवेचा. तिला हळद लावलेल्या पाटाशी बसवतात, तिच्या हातात दोरा देतात. हे असं का, हे नव्या सुनांना कळत नाही. त्या विचारतात. मग कुणीतरी म्हणतं, येसूबाईनं सांगितलंय. तिनं असं काही सांगितलं नव्हतं, हे मला माहीत आहे. पण मागच्या लग्नात माझ्या आईनं विळ्याला गाठ मारली, तेव्हा सगळा मांडव तिची गाठ पुरी होईपर्यंत थांबला होता. म्हणून नव्या सुना विचारतात, तेव्हा आता मीही म्हणतो, येसूबाईनं सांगितलंय.